डीपी तीच, पाटी नवी

१ मे २०११. महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून एकाच दिवशी दोन शहरांचं वीजवितरण खासगी कंपन्यांच्या हाती गेलं. नागपूरचे महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स हे तीन विभाग स्पॅन्कोकडे. आणि तेव्हाचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, जीटीएलकडे. कराराचा साचा एकच होता, मुदतही एकच, पंधरा वर्षांची. त्याच वर्षी नोव्हेंबरात जळगाव क्रॉम्प्टन ग्रीव्हजकडे गेलं. चार वर्षं आधी, २६ जानेवारी २००७ला, भिवंडी टोरंट पॉवरकडे गेली होती आणि हे तिन्ही करार तिच्याकडे बघूनच झाले. पुढे औरंगाबाद २०१४च्या नोव्हेंबरात महावितरणकडे परत आलं, जळगाव २०१५मध्ये, नागपूर सप्टेंबर २०१९मध्ये. भिवंडीची मात्र दहा वर्षं पुरी झाली आणि वर आणखी दहा मिळाली. एक साचा, चार शहरं, आणि टिकलं एकच. खासगीकरण चांगलं की वाईट, या वादात हा तपशील कुणीच नीट उचलत नाही, आणि तोच सगळ्यांत जास्त सांगणारा आहे.

महालातल्या एखाद्या अरुंद गल्लीत डीपीपाशी, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या रोहित्रापाशी, उभं राहिलं की मालकीचा प्रश्न फार लांबचा वाटतो. मे महिन्याच्या रात्री कूलर आणि एसी एकदम सुरू झाले की तिची गुणगुण जड होत जाते. तेल गळून खाली माती काळी झालेली असते. फ्यूजच्या पेटीतून जळक्या रबराचा वास येतो. शंभर केव्हीएच्या रोहित्रातून पूर्ण भाराला प्रत्येक फेजवर साधारण १३३ अँपिअर जायला हवेत. प्रत्यक्षात एका फेजवर १८०, दुसरीवर ९० आणि तिसरीवर १२० असं असलं, तर बेरीज बरोबर दिसते आणि रोहित्र मात्र एका अंगाने भाजत राहतं. आतल्या वेटोळ्याचं तापमान मर्यादेपेक्षा सहा अंशांनी जास्त राहिलं की त्यावरच्या कागदी आवरणाचं आयुष्य निम्म्यावर येतं. ब्रीदरमधली, म्हणजे रोहित्राच्या श्वासनळीतली, सिलिका जेल निळ्याची गुलाबी झाली, म्हणजे ती ओल धरेनाशी झाली. आता तेलात पाणी उतरणार. न्यूट्रलचा जोड ढिला पडला तर कमी भाराच्या फेजवर तीनशेहून जास्त व्होल्ट चढतात आणि एका फटक्यात अख्ख्या चाळीतले टीव्ही जातात. यातलं एकही काम अवघड नाही. वर्षातून दोनदा तेल तपासा, भार तिन्ही फेजवर सारखा वाटा, जोड आवळा, ठरलेल्या जाडीचीच फ्यूज तार घाला. पण ही कामं न केल्याचा परिणाम सहा महिन्यांनी, वर्षाने दिसतो. ज्याला त्या शहरात वर्षानंतरही राहायचं आहे, तोच ती करतो.

भिवंडीत २००६ साली काय होतं? देशातल्या यंत्रमागांचा मोठा हिस्सा या गावात. पत्र्याच्या शेडमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या, आणि रस्त्यावरूनही छातीत घुमणारी खटखट. विजेच्या सवलतीत २७ अश्वशक्ती ही रेष, म्हणून जोडभार तिच्या खाली दाखवायची धडपड. तारांवर वीजचोरीचे आकडे उघड्यावर. वर्षाला शंभरातली चाळीसच्या आसपास रोहित्रं जळायची, म्हणजे प्रत्येक डीपी सरासरी अडीच वर्षांत एकदा. एकूण तोटा अठ्ठावन्न टक्क्यांच्या घरात होता. हा आकडा नुसत्या चोरीचा नसतो, तो असा बनतो: गावात शंभर युनिट आले, त्यातल्या साठांचंच बिल झालं, आणि बिलाच्या शंभर रुपयांतले सत्तरच वसूल झाले. साठाचे सत्तर टक्के म्हणजे बेचाळीस. उरलेले अठ्ठावन्न गेले. म्हणून तोटा कमी करायचे रस्तेही दोन आहेत, मीटरचा आणि वसुलीचा. एकावरच जोर दिला तर दुसरा खाऊन टाकतो. मीटर नवे लावले आणि बिलं थकू दिली, तर कागदावर बिलिंग वाढतं, तिजोरी रिकामीच राहते.

टोरंटने तिथे जे केलं त्यात नवं तंत्रज्ञान फारसं नव्हतं. उघड्या तारांच्या जागी एबी केबल, म्हणजे आवरण घातलेल्या तारांचा पीळ, ज्यावर आकडा टाकता येत नाही. जुनी मीटरं काढून इलेक्ट्रॉनिक मीटर, तेही घराच्या आत न ठेवता बाहेर, पेटीत. मोठ्या डीप्या फोडून भार वाटणं. प्रत्येक डीपीला मीटर आणि कोणता ग्राहक कोणत्या डीपीवर याची नोंद. पहिल्या काही वर्षांत शेकडो कोटी रुपये जमिनीत आणि खांबावर गेले, नि त्यातला बराचसा पैसा तोटा खाली येण्याआधीच गेला. तोटा वीस टक्क्यांच्या खाली आला. रोहित्रं जळण्याचं प्रमाण शंभरात दोन-तीनवर आलं. हे दुसरं यश जास्त मोलाचं. डीपी जळल्यावर चार दिवस काळोखात बसणारी वस्ती बिल भरायला का जाईल?

भिवंडीकर टोरंटवर खूश होते असं मात्र लिहिता येणार नाही. मोर्चे निघाले, वीजचोरीच्या गुन्ह्यांवरून गाव पेटलं, आणि ‘फास्ट मीटर’ ही तक्रार आजही संपलेली नाही. तांत्रिक बाजू अशी की जुन्या मीटरची चकती धुळीने आणि झिजलेल्या टेकूने मंदावते. एखादा छोटा बल्ब चालू असला तर ती हलतही नाही. इलेक्ट्रॉनिक मीटर तेवढाही वापर मोजतं. वापर तोच, बिल दीडपट. शंका असली तर शेजारी दुसरं मीटर जोडून आठवडाभर दोन्ही आकडे ताडून बघता येतात, आणि बहुतेक वेळा नवं मीटर बरोबर निघतं. पण ज्या घराचा महिन्याचा हिशेब जुन्या चकतीवर बसलेला होता, त्या घराला बरोबर असण्याने दिलासा मिळत नाही. गरीब वस्तीतली पूर्वीची ढिलाई ही अघोषित सवलत होती. कंपनी आली आणि ती एका रात्रीत बंद झाली. हा बदल सरकारने स्वतः समजावून सांगायला हवा होता. तो कंपनीच्या वसुली पथकांवर सोडला गेला आणि राग त्यांच्या वाट्याला आला.

मग हाच साचा बाकीच्या तीन शहरांत का फसला?

पहिलं उत्तर निविदेच्या दिवशीच लिहिलं गेलं होतं. फ्रँचायझीला, म्हणजे करारावर वितरण चालवणाऱ्या खासगी कंपनीला, शहराच्या वेशीवर, उपकेंद्रातून निघणाऱ्या मुख्य वाहिनीच्या, म्हणजे फीडरच्या, मीटरवर वीज मोजून मिळते आणि त्या प्रत्येक युनिटमागे महावितरणला ठरलेला दर द्यावा लागतो. सर्वांत जास्त दर देणाऱ्याला शहर. पुढच्या प्रत्येक वर्षाचा दर निविदेतच लिहून द्यायचा. ग्राहकाचा दर वीज नियामक आयोगाचा, तो दोघांच्याही हातात नाही. गोल आकडे घेऊन हिशेब करू. ग्राहकाकडून सरासरी सहा रुपये युनिट मिळतात आणि वेशीवर चार द्यायचे आहेत. शंभर युनिटचे चारशे द्यायला सदुसष्ट युनिटचे पैसे हातात यायला हवेत, म्हणजे तोटा तेहतीस टक्क्यांवर असेल तर पदरात शून्य. पगार, दुरुस्ती, व्याज सगळं त्याखालच्या टक्क्यांतून. आता स्पर्धेच्या भरात चारऐवजी साडेचार लिहिले, तर शून्याची रेष तेहतीसवरून पंचवीसवर सरकते. पन्नास पैसे म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त तोटा, आणि आठ टक्के म्हणजे पैसा आणि माणसं असतील तर दोन-तीन वर्षांचं काम. निविदेच्या खोलीत एका सहीने ते आगाऊ विकलं जातं. शहरासाठी झालेली ही स्पर्धा नागरिकाला दिसत नाही, कारण जिंकल्यानंतर त्याच्यापुढे एकच कंपनी उरते. पण त्याच्या गल्लीतली डीपी दुरुस्त होणार की नाही, हे तिथेच ठरलेलं असतं.

त्यात सुरुवातीचे आकडे वादाचे. आधारवर्षात शहरात नेमके किती युनिट आले, किती बिल झालं, जुनी थकबाकी किती खरी आणि किती मेलेल्या ग्राहकांच्या नावावर, यावर पहिल्या वर्षापासूनच पत्रापत्री सुरू होते. मीटर बंद म्हणून सरासरीने लावलेली बिलं कागदावर विक्री म्हणून दिसतात. प्रत्यक्षात ती कधीच वसूल होणार नसतात. बोली लावणारा त्या कागदावर विसंबतो.

दुसरं उत्तर शहरात सापडतच नाही, ते मालकाच्या ताळेबंदात आहे. जीटीएल ही मुळात मोबाइल टॉवरच्या कामातली कंपनी. औरंगाबाद ताब्यात घेतल्यावर दोन महिन्यांच्या आत, जून २०११मध्ये, तिचा शेअर कोसळला आणि त्याच वर्षी कर्जाची पुनर्रचना करायची वेळ आली. नागपुरात स्पॅन्कोचा श्वास वर्षभरातच कोंडला. २०१२मध्ये एस्सेल समूह आला, कंपनीचं नाव एसएनडीएल, म्हणजे स्पॅन्को नागपूर डिस्कॉम, हेच राहिलं. २०१९च्या जानेवारीत एस्सेल समूहाचीच कर्जं उघड्यावर आली आणि सप्टेंबरात महाल, गांधीबाग पुन्हा महावितरणकडे. जळगावची क्रॉम्प्टन ग्रीव्हज तर रोहित्रं बनवणारी नावाजलेली कंपनी, तिला डीपी काय असते हे शिकवायची गरज नव्हती. पण त्या वर्षांत ती स्वतःच्याच धंद्याची वाटणी करण्यात गुंतली होती. टॉवरचा धंदा, समूहाचं कर्ज, मुंबईतल्या बँकांच्या बैठका, यांपैकी कशाचाही महालातल्या रोहित्राशी संबंध नाही. तरी ते रोहित्र याच कारणांनी जळतं.

ते कसं, हे क्रमाने बघण्यासारखं आहे. आज वापरलेल्या युनिटचं रीडिंग महिनाअखेरीला, बिल त्यानंतर आठवड्याने, भरण्याची मुदत आणखी दोन-तीन आठवडे. म्हणजे पैसा हातात यायला सरासरी दीड महिना. वेशीवरचं देणं मात्र थांबत नाही, आणि त्यासाठी बँकेची हमी लागते. मूळ कंपनी अडचणीत आली की बँक हमीचं नूतनीकरण लांबवते. मग रोजच्या वसुलीतूनच रोजचं देणं भागवावं लागतं. पहिली कात्री तेल गाळण्याला आणि पावसाळ्यापूर्वीच्या झाडफांदी छाटणीला, कारण त्याने आज काही बिघडत नाही. नंतर मीटरचा साठा संपतो. नवी जोडणी अडते आणि बंद मीटरवर सरासरी बिल सुरू होतं. मग ठेकेदाराची बिलं थांबतात, तो आपले अनुभवी लोक काढून दुसरीकडे नेतो. मग फ्यूज तारेऐवजी ॲल्युमिनियमचे दोन पदर पिळून घातले जातात; फ्यूज आता उडत नाही, म्हणून रोहित्र उडतं. सरतेशेवटी थकतं ते महावितरणचं देणं, आणि वर्तमानपत्रात फक्त तेच छापून येतं. तोवर शहराने दीड-दोन वर्षं भोगलेलं असतं.

तिसरी गोष्ट माणसांची. प्रत्येक हस्तांतराच्या वेळी जुन्या कर्मचाऱ्यांपुढे पर्याय असतो, प्रतिनियुक्तीवर थांबायचं की बदली घेऊन दुसरीकडे जायचं. बहुतेक जण जातात, आणि त्यांच्याबरोबर शहराचा नकाशा जातो. कारण तो कागदावर कधी नव्हताच. कोणत्या वाड्याची सर्व्हिस मागच्या गल्लीतल्या डीपीवरून आली आहे, कोणत्या खांबातून पावसाळ्यात करंट उतरतो, खांबावरचा कोणता एबी स्विच खाली ओढला तरी एक फेज तोडत नाही, हे वायरमनच्या डोक्यात. नवी कंपनी नोंदणी नव्याने करते, तीस-चाळीस दिवसांच्या मुदतीच्या पोरांकडून, आणि चुका अशा होतात: रात्री बिघाड झाला म्हणून अर्धी लाइन शेजारच्या डीपीवर फिरवली आणि ती नोंद कुणी बदलली नाही, आता एका डीपीवर चाळीस टक्के चोरी दिसते आणि शेजारची डीपी आली त्याहून जास्त वीज विकते. किंवा मीटरचा सीटी, म्हणजे मोठा प्रवाह मीटरच्या मापात आणणारं उपकरण, दोनशेला पाचचा, म्हणजे आकड्याला चाळीसने गुणायचं. प्रणालीत वीस भरलं, तर निम्मी वीज गायब. किंवा फीडरचं रीडिंग एक तारखेला आणि ग्राहकांची पाच ते पंचवीसमध्ये. उन्हाळा चढत असताना नुसत्या या तारखांच्या फरकाने खोटा तोटा उभा राहतो आणि पथकं भलत्याच वस्तीत धाडी घालतात. हे सुधारायला साधारण दोन उन्हाळे लागतात. नागपूरने आठ वर्षांत वर दोन खासगी मालक पाहिले, मग पुन्हा महावितरण. प्रत्येक वेळी ही पाटी नव्याने पुसली गेली.

सरकारी असलं तरी हेच लागू आहे, आणि हे मान्य करताना खासगीकरणाच्या दोन्ही बाजूंना अडचण होते. ६ जून २००५ला वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण निघाली, तेव्हा तिचा वितरण तोटा तीस टक्क्यांच्या आसपास होता. पुढच्या आठ-नऊ वर्षांत तो पंधराच्या जवळ आला, कुठलीही मालकी न विकता. कृषिपंपांचा वापर मीटरशिवाय अंदाजाने धरला जातो, म्हणून या आकड्यावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. पण शहरांतली सुधारणा खरी होती. त्या काळात फीडरांचे तोटा आणि वसुलीनुसार गट पाडले गेले आणि भारनियमनाचे तास गटाप्रमाणे ठरले. आपल्या फीडरवर अंधार का, याचं उत्तर पहिल्यांदा आकड्यात मिळालं. प्रामाणिक बिल भरणारे शेजाऱ्याच्या आकड्यापायी अंधारात बसत, हा त्यातला अन्याय होताच. त्यातली बरीच वर्षं व्यवस्थापकीय संचालक एकच होते, अजोय मेहता. २०१५मध्ये ते मुंबई महापालिकेत गेले. अभियंत्याची तीन वर्षांनी बदली ही आपल्याकडची रीत आहे. पहिलं वर्ष भाग समजण्यात जातं, तिसरं पुढच्या जागेच्या प्रयत्नात. कामाचं वर्ष एकच उरतं. वरचा माणूस टिकला तर निदान खालच्या बदल्यांमध्ये कामाचा धागा तुटत नाही.

मुंबईच्या उपनगरांत नावाजलेली वीज कंपनी बीएसईएस बघा. १९९९मध्ये ओडिशातल्या चार वितरण कंपन्यांपैकी तीन तिने घेतल्या. चौथी अमेरिकेच्या एईएसने. त्याच ऑक्टोबरात महाचक्रीवादळ आलं, खांब आडवे झाले, आणि २००१मध्ये एईएस निघून गेली. बीएसईएस रिलायन्सकडे गेली, ओडिशातले तिचे परवाने २०१५मध्ये रद्द झाले. पण जुलै २००२मध्ये याच बीएसईएसने दिल्लीचे दोन भाग घेतले आणि पन्नासच्या आसपासचा तोटा तिथे एक आकडी झाला. कंपनी तीच. ओडिशात सुरुवातीचा तोटा कागदावर कमी दाखवलेला होता आणि सरकारने हात झटकले. दिल्लीत बोली तोटा किती कमी करणार यावर होती, सरकार ४९ टक्क्यांचं भागीदार राहिलं आणि पहिल्या पाच वर्षांसाठी सुमारे ३,४५० कोटी रुपयांचा आधार दिला. खासगीकरण स्वस्तात होतं, हा समज दिल्लीने पुसायला हवा होता. आपल्याकडे तो पुसला गेला नाही.

ग्राहकाच्या दारातली स्पर्धा मुंबईनेच पाहिली. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला किरकोळ ग्राहक घ्यायची मुभा दिली आणि पुढच्या वर्षापासून रिलायन्सच्या तारांवरूनच टाटांची वीज घेता येऊ लागली. तार तीच, मीटर तेवढं वेगळं. जास्त वापराचे, जास्त दराचे ग्राहक आधी गेले. ज्यांच्या बिलात त्यांचा हातभार होता ते छोटे मागे राहिले. मग जाणाऱ्यांवर अधिभार बसवावा लागला. दर उतरले ते काही जणांचे आणि काही काळ. भांडुप, मुलुंड, नवी मुंबईसाठी समांतर परवान्याचा, म्हणजे महावितरणच्याच भागात दुसऱ्या कंपनीनेही वीज विकण्याचा, अर्ज झाला तेव्हा, जानेवारी २०२३मध्ये, वीज कर्मचारी संपावर गेले. त्यांच्या भीतीत स्वतःच्या नोकरीपलीकडचंही काही होतं: चांगले फीडर निघून गेले तर विदर्भ-मराठवाड्यातल्या पंपांचा भार कोण वाहणार?

१ मार्च २०२०ला मालेगाव कोलकात्याच्या सीईएससीकडे आणि शीळ-मुंब्रा-कळवा टोरंटकडे गेलं. महिना संपायच्या आत टाळेबंदी लागली, मालेगावचे माग थांबले. बोलीच्या तक्त्यात अशा वर्षासाठी रकाना नसतो. आणि भिवंडीची वाढीव मुदत जानेवारी २०२७पर्यंत आहे. त्यापुढे कुणीही येवो, तीच कंपनी, दुसरी किंवा महावितरण, हस्तांतराआधी काही गोष्टी लोकांसमोर यायला हव्यात. डीपीनिहाय ग्राहकनोंद, तीही दहा टक्के डीप्यांवर प्रत्यक्ष फिरून तपासलेली. प्रत्येक रोहित्राचं वय, भार आणि शेवटच्या तेलचाचणीची तारीख. सरासरी बिलं वगळून काढलेला तोटा. बोलीत सर्वांत जास्त दराला एक वरची मर्यादा. मूळ कंपनीच्या कर्जापासून शहराची वसुली वेगळी ठेवणारं खातं. करारात मालक बदलला तर महावितरणची आधी मंजुरी, आणि शहराचा प्रमुख अभियंता किमान पाच वर्षं न हलवण्याची अट. आजवरच्या करारांत यातल्या काही गोष्टी आहेत, पण त्या शंभर पानांच्या परिशिष्टात असतात आणि नगरसेवकापासून यंत्रमागधारकापर्यंत कुणीही त्या वाचलेल्या नसतात. भिवंडीच्या यंत्रमागधारक संघटनांनी त्या आत्ताच मागून घ्याव्यात. मुदत संपायच्या महिन्यात मागितल्या तर हाती फक्त पत्रकार परिषद लागेल.